हड बॅननचे चाहते: एका खलनायकाचं फसलेलं प्रकरण

1963च्या मे महिन्यात ‘हड’ हा हॉलिवूडचा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा तो बनवणाऱ्यांना एका गोष्टीची पक्की खात्री होती. या माणसावर प्रेक्षक जीव टाकणार नाहीत. हड बॅनन म्हाताऱ्या बापाला वेडसर ठरवून रँच, म्हणजे गुरं पाळण्याचं मोठं कुरण, ताब्यात घ्यायला निघतो. रोगाचा संशय असलेली जनावरं तपासणीचा निकाल यायच्या आत दुसऱ्यांच्या गळ्यात मारू पाहतो. त्याच्या रात्री लोकांच्या बायकांच्या घरी जातात, आणि घरात राबणाऱ्या बाईवर तो दारूच्या नशेत हात टाकतो. शेवटी त्याला पश्चात्ताप होत नाही, शिक्षा तर नाहीच नाही.

पोरांना तो भयंकर आवडला. हडच्या वेशातल्या पॉल न्यूमनची पोस्टरं कॉलेजच्या होस्टेलांत भिंतींवर लागली. दिग्दर्शक मार्टिन रिटला तरुण प्रेक्षकांची पत्रं येऊ लागली. हडचंच बरोबर होतं, म्हातारा बाप कटकट्या आणि पुतण्या बावळट, असा त्यांचा सूर. ज्या माणसाचा मला तिटकारा होता त्याच्यावर ही मुलं प्रेम करत होती, असं रिटने पुढे मुलाखतींत सांगितलं. मी स्वतःला समजत होतो तेवढा हुशार असतो, तर हेट-ॲशबरीचा, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोतल्या हिप्पींचा, जमाना दारात येऊन उभा आहे हे मला तेव्हाच कळलं असतं, असंही तो म्हणाला. न्यूमनही चक्रावला होता. हडला कुणी वीरपुरुष मानेल हे आमच्या स्वप्नातही नव्हतं, असं त्याचं म्हणणं.

चित्रपटाच्या इतिहासात हे प्रकरण गमतीदार किस्सा म्हणून सांगतात आणि कारण एका वाक्यात उरकतात: न्यूमन देखणा होता, किंवा पिढी बिघडली होती. दोन्ही उत्तरं मला आळशी वाटतात. देखणे खलनायक त्याआधीही होऊन गेले, आणि बिघडलेली पिढी तर प्रत्येक दशकात सापडते. प्रेक्षकांच्या मताची मुळं चित्रपटातच शोधायला हवीत. बनवणाऱ्यांनी एकेक निर्णय चांगल्या हेतूने घेतला, आणि प्रत्येक निर्णयाने हडचं पारडं थोडं जड केलं.

काय घडतं

टेक्सासचा उत्तरेकडचा सपाट, उजाड पट्टा. चित्रीकरण अमरिलोजवळच्या क्लॉड या छोट्या गावात झालं. होमर बॅनन हा जुन्या वळणाचा रँचवाला. एक मुलगा नॉर्मन मोटार अपघातात गेला, गाडी दारू प्यायलेला धाकटा हड चालवत होता. नॉर्मनचा मुलगा लॉनी आता सतरा वर्षांचा, आजोबांच्या शिस्तीत वाढलेला आणि काकाच्या रुबाबावर भाळलेला. घर सांभाळणारी अल्मा ही नवऱ्याला सोडलेली, बोलायला फटकळ, मनाने समंजस बाई.

मेक्सिकोतून घेतलेल्या गुरांमुळे कळपात लाळ्या-खुरकूत शिरल्याचा संशय येतो. आपल्याकडे हा रोग गावोगावी ठाऊक आहे. लस टोचतात, दूध आटतं, बैल काही दिवस जुंपता येत नाही, पण मोठं जनावर बहुतेकदा वाचतं. अमेरिकेची पद्धत वेगळी आणि निष्ठुर: एक जनावर सापडलं की सगळा कळप मारायचा. तिथं या रोगाची शेवटची साथ 1929 साली आली. पण 1946पासून पुढे काही वर्षं शेजारच्या मेक्सिकोत तो थैमान घालत होता, त्यामुळे कथेतली भीती हवेतली नाही.

निकाल येण्याआधी कळप विकून मोकळं व्हावं, असं हड सुचवतो. होमर नकार देतो. बुलडोझर खड्डा खणतात, गुरं त्यात हाकली जातात आणि काठावर उभी राहिलेली माणसं बंदुका चालवतात. होमरने जुन्या टेक्सासची आठवण म्हणून लाँगहॉर्न जातीची दोन म्हातारी जनावरं पाळलेली असतात, ती तो स्वतःच्या हाताने मारतो. मारायला वेळ लागत नाही, वाढवायला लागतो, अशा अर्थाचं त्याचं साधं वाक्य या प्रसंगानंतर येतं. त्यानंतर म्हातारा खचतो, अल्मा घर सोडते, होमर घोड्यावरून पडून मरतो. लॉनी काकाला रामराम ठोकून निघून जातो. हड एकटा घरात शिरतो, बिअरचा कॅन फोडतो, ‘जा उडत’ अशा अर्थाने हात झटकतो आणि दारावरचा पडदा खाली ओढतो. संपलं.

बनवणाऱ्यांचा डाव

पटकथा आयर्विंग रॅव्हेच आणि हॅरिएट फ्रँक या लेखक दांपत्याची. याच दोघांनी 1958 साली रिट आणि न्यूमनबरोबर ‘द लाँग, हॉट समर’ केला होता. त्यात न्यूमन एक उद्धट, संधिसाधू फिरस्ता आहे. शेवटी त्याचं मन मऊ निघतं आणि मुलगी त्याला मिळते. जुना नायक क्लार्क गेबलच्या जमान्यापासून हॉलिवूडचा हा ठरलेला साचा: पहिले दोन तास बेरड, शेवटची दहा मिनिटं सज्जन. ‘हड’मध्ये तो मोडायचा होता. बेरड शेवटपर्यंत बेरडच राहील, आणि त्याच्या मोहकतेला भुललेला प्रेक्षक शेवटी स्वतःशी खजील होईल, असा त्यांचा हिशेब.

डाव धाडसी होता. सेन्सॉरशिपचा जुना कोड 1968पर्यंत कागदोपत्री जिवंत होता आणि दुष्टाला शासन झालंच पाहिजे ही अपेक्षा त्यात मुरलेली होती. पॅरामाउंट या स्टुडिओच्या साहेबांना तयार चित्रपट फार काळोखा वाटला. शेवट बदलायला रिटने नकार दिला आणि तो आहे तसाच थिएटरात गेला.

पण या हिशेबात एक भोक होतं. ज्या प्रेक्षकाला वर्षानुवर्षं ‘बेरड मनाने चांगलाच असतो’ हे शिकवलं, तो ते ज्ञान घरी ठेवून थिएटरात येत नाही. पडद्यावर न्यूमन, दिग्दर्शक तोच, लेखक तेच. हड सुधारला नाही याचा अर्थ प्रेक्षकाने ‘तो वाईट आहे’ असा घेतला नाही. ‘तो ढोंगी नाही’ असा घेतला. सुधारणं हीच तडजोड, अशी भावना ज्या वयात असते त्या वयाच्या प्रेक्षकाला हा शेवट हडचा विजय वाटला तर नवल नाही.

त्यात जाहिरातवाल्यांनी आपली भर घातली. पोस्टरवर घोषवाक्य होतं, ‘काटेरी तारेचा आत्मा असलेला माणूस’. वर, न्यूमन म्हणजेच हड, असा डंका. चित्रपट ज्या माणसापासून सावध करतो त्याच माणसाचं आमिष दाखवून तिकिटं विकली जात होती. सुमारे पंचवीस लाख डॉलरमध्ये झालेल्या चित्रपटाने त्याच्या कितीतरी पट गल्ला जमवला, तो काही सावधगिरीच्या इशाऱ्यावर नव्हे.

कादंबरीतून पडद्यावर येताना

लॅरी मॅकमर्ट्रीची ‘हॉर्समन, पास बाय’ 1961 साली आली. ही त्याची पहिली कादंबरी. लॉनी ती सांगतो आणि हड तिच्यात दुय्यम पात्र आहे. तो होमरचा सावत्र मुलगा आहे, आणि त्याची कृत्यं पडद्यावरच्या हडपेक्षा फार पुढची आहेत. घरकाम करणारी बाई तिथं कृष्णवर्णीय आहे, तिचं नाव हाल्मिया. हड तिच्यावर बलात्कार करतो. आणि शेवटी जखमी होमरला तो गोळी घालतो.

पडद्यावर यातलं काय उरलं? हाल्मियाची गोरी अल्मा झाली. गोऱ्या पुरुषाने कृष्णवर्णीय बाईवर केलेला हल्ला त्या काळच्या हॉलिवूडला, विशेषतः दक्षिणेतल्या थिएटरांचा विचार करता, झेपणारा नव्हता. बलात्काराचा प्रयत्न झाला आणि लॉनीने येऊन तो रोखला. होमर घोड्यावरून पडला, म्हणजे खून गेला. सावत्र मुलगा सख्खा झाला.

या शेवटच्या बदलाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. मला तो सगळ्यांत मोठा वाटतो. सावत्र मुलगा मालमत्तेवर डोळा ठेवतो तेव्हा तो परका असतो, लोभी असतो. सख्खा मुलगा तेच करतो तेव्हा त्याच्या पाठीशी एक दुखणं उभं राहतं: बापाने मला कधी जवळ केलंच नाही. चित्रपट हे दुखणं बोलूनही दाखवतो. नॉर्मनच्या मृत्यूबद्दल बाप आपल्याला माफ करत नाही, असं हड समजत असतो. होमर त्याला सांगतो की कारण ते नाहीच, त्याच्या कितीतरी आधीपासून मला तुझा वीट आला होता, तुला माणसांची पर्वा नाही. हा प्रसंग होमरच्या नैतिक उंचीसाठी लिहिलेला आहे. पण पाहताना डोळे न्यूमनच्या चेहऱ्यावर खिळतात. सख्ख्या मुलाला तू मला लहानपणापासून नकोसा होतास असं सांगणारा बाप, आणि ते उभ्याने ऐकून घेणारा मुलगा. विशीतला प्रेक्षक यात कुणाच्या बाजूने जाईल?

कादंबरीतला खुनी असा दुखावलेला मुलगा झाला. दुय्यम पात्र शीर्षकात आलं.

साथीचं भाषण

प्रेक्षकांच्या बाजूने सगळ्यांत भक्कम पुरावा मला गुरांच्या वादातल्या एका संवादात दिसतो. रोगाची जनावरं विकली तर साथ पसरेल, असा आक्षेप येतो तेव्हा हड उसळून म्हणतो की हा सगळा देशच साथींवर चालतोय. बड्या धंद्यांची साथ, किमती ठरवून घेण्याची साथ, टीव्हीवरच्या बनावट कार्यक्रमांची, आयकराच्या लबाड्यांची, फुगवलेल्या खर्चाच्या बिलांची. प्रामाणिक माणसं तुम्हाला ठाऊक आहेत तरी किती? पापी बाजूला काढले तर हातात एखादा अब्राहम लिंकन उरला तरी नशीब. तेव्हा रस्सा गरम आहे तोवर आपणही पाव बुडवून घेऊ.

हे हडचं नैतिक दिवाळं दाखवायला लिहिलेलं भाषण. पण 1963च्या प्रेक्षकाला त्यातला प्रत्येक शब्द वर्तमानपत्रातून माहीत होता. टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषा आधीच ठरवलेल्या असतात, लाडक्या स्पर्धकाला उत्तरं पुरवली जातात, हे 1959 साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उघड झालं होतं. 1961मध्ये जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाउससारख्या कंपन्या विजेच्या अवजड यंत्रसामग्रीच्या किमती संगनमताने ठरवत असल्याचं न्यायालयात शाबीत झालं आणि बडे अधिकारी तुरुंगात गेले. म्हणजे हडचा निष्कर्ष चुकीचा असला तरी त्याने मांडलेली वस्तुस्थिती खरी होती. तिला उत्तर द्यायची जबाबदारी होमरची, आणि होमर तत्त्वाचं उत्तर देतो, वस्तुस्थितीचं देत नाही.

इथं चित्रपट हरला असं मी म्हणत नाही. साथीची गुरं विकू नयेत हे कुणालाही कळतं, हडवर फिदा झालेल्या पोरांनाही कळत असणार. पण प्रेक्षक कुणाच्या बाजूने आहे हे ‘कोण बरोबर’ यावर क्वचितच ठरतं. अधिक ते ‘खरं कोण बोलतंय’ यावर ठरतं. हड वाईट करायला निघालेला असतानाही खरं बोलतो, आणि फार मजेदार बोलतो. तुला कसली तत्त्वंच नाहीत असं बाप म्हणतो, तेव्हा दोघांना पुरतील एवढी तुमच्याकडे आहेत की, हे त्याचं उत्तर तयार असतं. जवळपास प्रत्येक खटक्यात शेवटची टपली त्याची. टाळ्यांची वाक्यं एकाच पात्राला देऊन टाळ्या दुसऱ्याला मिळाव्यात, ही अपेक्षा लेखकाने धरू नये.

म्हातारा

होमरच्या भूमिकेत मेल्विन डग्लस. तरुणपणी ग्रेटा गार्बोबरोबर प्रणयनायक म्हणून गाजलेला हा नट इथं हाडं कुरकुरणारा म्हातारा होतो, आणि सहायक अभिनेत्याचं ऑस्कर त्याने कमावलं ते योग्यच. तो लॉनीला घेऊन सिनेमाला जातो आणि पडद्यावर शब्दांवरून उड्या मारणाऱ्या चेंडूबरोबर ‘क्लेमंटाइन’ हे जुनं गाणं गातो, तो प्रसंग मला चित्रपटातला सगळ्यांत लोभस वाटतो. म्हातारा तिथं तत्त्व म्हणून येत नाही, माणूस म्हणून येतो. असे प्रसंग आणखी दोन-तीन असते तर हे प्रकरण घडलंच नसतं, असं मला कधीकधी वाटतं.

बाकी वेळ होमर उपदेश करतो. जमिनीत तेल असण्याची शक्यता असताना तो विहिरी खणू देत नाही, कारण गुरांमधून फिरावं तसं तेलविहिरींमधून रोज फिरता येत नाही. मुद्दा सुंदर आहे. पण ही जनावरं त्यानेच घेतली, रँच त्याच्याच हट्टाने एका आधारावर उभी होती आणि तो आधार कोसळला. हड हे बोलून दाखवतो तेव्हा त्याच्या बोलण्यात तथ्य असतं. बरेच प्रेक्षक आजही होमरला किंचित दांभिक मानतात आणि काहींना तो चित्रपटाचा एकमेव आधार वाटतो. माझं मत मधलं नाही: होमर बरोबर आहे, पण तो फार लवकर आणि फार वेळा बरोबर ठरतो. सतत बरोबर असणाऱ्या माणसाला नाटकात सहानुभूती मिळत नाही.

पॉलिन केलचा आक्षेप

1963च्या बहुतेक समीक्षकांनी चित्रपट बनवणाऱ्यांच्या हेतूप्रमाणेच वाचला. न्यूयॉर्क टाइम्सच्या बॉस्ली क्राउदरने त्याची मनापासून तारीफ केली, आणि हड म्हणजे समाजात शिरलेल्या लोभाचा नमुना, या अंगाने. समीक्षक पॉलिन केल मात्र वेगळंच घेऊन आली. 1964 साली ‘फिल्म क्वार्टर्ली’ या नियतकालिकात तिने दीर्घ लेख लिहिला, पुढच्या वर्षी तो तिच्या पहिल्या पुस्तकातही आला.

तिचं म्हणणं थोडक्यात असं. चित्रपट दुभंगलेला आहे. वरवर तो भौतिकवादाचा धिक्कार करतो, आतून त्याला हडचाच उत्साह आहे. आणि प्रेक्षक या दुसऱ्या, अधिक जिवंत चित्रपटाला दाद देतात. केलचं बालपण कॅलिफोर्नियातल्या पेटालुमाकडे ग्रामीण भागात गेलं. ती लेखात आपल्या वडिलांची गोष्ट सांगते. ते रिपब्लिकन होते, बाहेरख्यालीही होते, सरकारने नाक खुपसलेलं त्यांना चालत नसे, आणि तरीही ते दिलदार होते. विवाहबाह्य संबंध आणि सरकारविरोध या दोन खुणा लावल्या की माणूस नीच ठरतो, हे हॉलिवूडचं शहरी गणित तिला हास्यास्पद वाटलं. असे लोक तिने जवळून पाहिले होते.

हा लेख मला अजूनही या चित्रपटावरचा सगळ्यांत तल्लख वाटतो, पण तो पूर्ण पटत नाही. केल हडची दिलदारी जिथं नाही तिथंही वाचते. हड कुणाला काही देतो का? पहिल्याच प्रसंगात एका घराच्या पायरीवर नवरा येऊन ठाकतो तेव्हा तो स्वतःचं लफडं शेजारी उभ्या असलेल्या पुतण्यावर ढकलून मोकळा होतो. प्रेक्षक हसतात, लॉनीही फारसं मनावर घेत नाही. पण पुढच्या सगळ्या हडची बीजं तिथं आहेत. केलला दुभंग दिसला तो खरा. त्याचा दोष तिने हॉलिवूडच्या उदारमतवादी ढोंगाला दिला, तो मात्र मला अपुरा वाटतो. रिट स्वतः मॅकार्थीच्या, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून माणसं टिपण्याच्या, जमान्यात टीव्हीच्या काळ्या यादीत अडकून बेकार झालेला माणूस होता. लोभी आणि मोहक माणसं सत्तेवर आली की काय होतं हे त्याने अंगावर घेतलं होतं. त्याचा राग खरा होता. पण हडबद्दल राग यावा असं चित्रीकरण त्याच्या हातून झालं नाही.

कोरं आकाश

चित्रीकरणाबद्दल बोलायचं तर ते जेम्स वाँग हावचं. चीनमध्ये जन्मलेला, मूकपटांपासून काम करणारा हा छायाचित्रकार. 1963 साली बहुतेक वेस्टर्न, म्हणजे काउबॉयपट, रंगीत निघत होते, हा मुद्दाम कृष्णधवल, आणि तोही रुंद पडद्यासाठी. हावने आकाशातले सुंदर ढग टाळले. वर पांढरं, कोरं आभाळ, खाली सपाट जमीन आणि मध्ये एखादा तारेचा खांब. ऑस्कर मिळवणारी ही दृश्यं निसर्गाचं कौतुक मुळीच करत नाहीत. रिट-न्यूमन मंडळींना हवं होतं ते हेच: पश्चिमेच्या दंतकथेची हवा काढून घेतलेली पश्चिम.

पण रिकाम्या चौकटीत एकच उभी आकृती ठेवली की नजर तिथंच जाते. डोळे किलकिले करून खांबाला टेकलेला न्यूमन त्या कोऱ्या आभाळापुढे शिल्पासारखा दिसतो. (त्याचे सुप्रसिद्ध निळे डोळे इथं दिसतच नाहीत, आणि तरीही एवढी आग लागली.) दंतकथा काढून टाकायला रिकामी केलेली जागा हडने व्यापली. या तीन वर्षांत कृष्णधवल आधुनिक वेस्टर्नची एक लहानशी लाटच आली होती. 1961चा ‘द मिसफिट्स’, 1962चा ‘लोनली आर द ब्रेव्ह’, मग हा. आधीच्या दोघांत काळाच्या मागे पडलेला काउबॉय कीव यावी असा आहे. हड मात्र काळाच्या पुढे आहे. तेलाचा टेक्सास त्याचाच होणार, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. हरणाऱ्यांच्या रांगेत एक जिंकणारा उभा राहिला तर पोरं कुणाकडे पाहणार?

लॉनी, म्हणजे प्रेक्षक

चित्रपटाला आपल्या प्रेक्षकाची चाहूल नव्हती असं मात्र नाही. ती होमरच्या तोंडी आहे. आपण ज्या माणसांना मानतो त्यांच्यामुळे हळूहळू देशाचा चेहरामोहरा बदलतो, असं तो नातवाला बजावतो. हडवर भाळलेल्या लॉनीसाठीचं हे वाक्य थिएटरात बसलेल्या प्रत्येकासाठीही होतं. ते ऐकून, समजून, लोक घरी गेले आणि हडचं पोस्टर विकत घेतलं.

लॉनी हा प्रेक्षकाचा प्रतिनिधी म्हणूनच रचलेला आहे. नटाची निवडही बोलकी. ब्रँडन डीवाइल्ड दहा वर्षांपूर्वी ‘शेन’ या वेस्टर्नमध्ये निघून जाणाऱ्या घोडेस्वाराला परत ये म्हणून हाका मारणारा पोरगा होता. इथं तोच मोठा होऊन आपल्या नायकाकडे पाठ फिरवतो. प्रेक्षकाने लॉनीच्या मागोमाग तोच प्रवास करावा, आधी भाळावं, मग शहाणं व्हावं, अशी योजना.

प्रेक्षक अर्ध्या वाटेपर्यंत गेला आणि थांबला. लॉनीला हड सोडण्याची कारणं आहेत, त्याने अल्मावरचा हल्ला डोळ्यांनी पाहिला, त्याच्या समोर आजोबा मेले. पण शेवटच्या दृश्यात लॉनी रस्त्याने निघतो आणि कॅमेरा त्याच्याबरोबर जात नाही. तो मागे राहतो, हडपाशी. तुझा निरोप, तुझा शहाणपणा, ठीक आहे, पण पाहण्यासारखा माणूस घरात आहे, असंच चित्रपट त्या क्षणी सांगतो. रिटला हडचं एकटेपण दाखवायचं होतं. पोरांनी त्यात स्वातंत्र्य पाहिलं.

अल्मा

प्रेक्षकांच्या मतातला सगळ्यांत मोठा बदल गेल्या काही दशकांत झाला आहे आणि तो अल्माभोवती आहे. पॅट्रिशिया नील पडद्यावर फार वेळ नाही, तरी प्रमुख अभिनेत्रीचं ऑस्कर तिला मिळालं. भांडी विसळताना, कपडे वाळत घालताना ती हडला ज्या थकलेल्या, गमतीदार तोऱ्यात झुलवत ठेवते, त्याला तोड नाही. एका बिनकाळजाच्या माणसाबरोबर मी दिवस काढले, दुसरा नको, असं ती त्याला स्पष्ट सांगते. 1963 साली हडचे चाहते हल्ल्याचा प्रसंग कसा पचवत होते याचं उत्तर सोपं आहे: तो रोखला गेला, आणि चित्रपट लगेच पुढे सरकला. आज पहिल्यांदा पाहणाऱ्यांना तो प्रसंग पचत नाही. अनेकांची हडबद्दलची ओढ तिथंच तुटते. म्हणजे रिटला 1963 साली हवा असलेला प्रेक्षक त्याला मिळाला, फक्त उशिरा. 2018 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात ‘हड’ची निवड झाली, तेव्हा तो पाहणाऱ्यांत हे दोन्ही प्रेक्षक होते.

तरीही चित्रपट स्वतः या बाबतीत डळमळीत आहे, आणि ते दिसतं बसस्थानकावर. सामान घेऊन निघालेल्या अल्मापुढे हड गाडी थांबवतो. ती त्याला म्हणते की गंमत अशी, धसमुसळेपणा केला नसतास तरी कधीतरी ते झालंच असतं, उघड्या अंगाने तू बरा दिसतोस. नील हे वाक्य इतक्या शहाण्या, कडू स्वरात बोलते की नट म्हणून तिला नमस्कार करावा. पण लिहिणाऱ्यांनी ते तिच्या तोंडी घालून हडची सुटका केली. ज्या बाईवर हात टाकला तीच सांगते की तुझं आकर्षण खोटं नव्हतं. मग प्रेक्षकाने हडपासून दूर का जावं? हडही लगेच, हातातून निसटलेली तू एकटीच म्हणून तुला लक्षात ठेवीन, असं म्हणून निरोपाचं वाक्य स्वतःकडे घेतो, सवयीप्रमाणे.

कादंबरीतला खून वगळणं, सावत्रपणा काढणं, न्यूमनला घेणं, यातलं काहीही मी बदललं नसतं. त्याशिवाय हा चित्रपट झाला नसता. पण बसस्थानकावरचं अल्माचं ते एक वाक्य मी कापलं असतं, आणि तिला नुसतंच बसमध्ये चढू दिलं असतं.